बापाने केलेला खुळखुळा

बसमध्ये पुढच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवरचं बाळ हातातला खुळखुळा खिडकीच्या दांडीवर आपटत होतं. मागे बसलेल्या माणसाने तो नुसत्या आवाजावरून ओळखला. तो त्यानेच तयार केला होता.

"अगं, फुटेल तो."

"नाही फुटत, जाऊबाई. सांधाच नाही त्याला. आतले मणी बाहेर येतच नाहीत."

"आणि मूठ घशात गेली म्हणजे?"

"ती मुद्दाम जाड ठेवलीय. खोक्यावर लिहिलंय ना, एका बापाने आपल्या लेकीसाठी केलाय म्हणून."

"नशीबवान गं पोर! नाहीतर आमचे हे. बाळ रडलं की कूस बदलतात."

"वर्षभर खपला म्हणे तिच्यासाठी."

त्या वर्षभरात तो कारखान्यातच झोपायचा. शेवटी कंटाळून बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली, आणि त्यानंतर तो एकदाही तिकडे फिरकला नव्हता.

तेवढ्यात बाळाच्या हातून निसटलेला खुळखुळा त्याच्या पायाशी आला. त्याने तो उचलला, शर्टाला पुसला आणि परत दिला.

"थँक्यू हं, दादा. तुम्हाला आहेत का मुलंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"मग तिलाही घेऊन टाका हा. अगदी डोळे झाकून घ्या. केवढी आहे?"

"दोन... नाही, तीनची झाली असेल."

"असेल?"

आता थोरलीही मागे वळून बघू लागली. त्याने मान खाली घातली. त्याचा थांबा अजून बराच लांब होता.