कमरेएवढा खड्डा

न्हाई न्हाई, तिकडं पाय ठेवू नका, रामकिसनराव — खड्ड्याची कड ढासळते. इकडं बाजेवर बसा. त्या जीपवाल्याला म्हणा गाडी बंद कर, पोर दचकून राह्यली. आता बघा तुमच्या नातीला. बसली का न्हाई? ताठ बसली. कोंबड्यांकडं बघून राह्यली. तुमच्या लेकीनं फोनवर सांगितलंच असंल, मामांनी, म्हंजी मी सासऱ्यानं, अर्पिताला बसती केली म्हणून. मंग मंठ्याहून जीप करून यायची काय गरज होती? इवाई म्हणून आले तर जेवून जा. दवाखान्याचं नाव काढू नका.

यात नवीन काय हाय? आमच्या घरात लेकरू बसायला उशीर लावलं की असाच खड्डा करतात. माती चाळायची, खडा ठेवायचा न्हाई, जुनं लुगडं अंथरायचं अन् लेकराला कमरेपर्यंत आत बसवायचं. चारी बाजूंनी आधार. मंग रोज मूठ-मूठ माती लुगड्याखाली सारायची — खड्डा उथळ होत जातो, लेकराला कळत बी न्हाई, अन् एक दिवस ते सपाट भुईवर बसलेलं असतं. तुमचा जावई असाच बसला. आज जालन्याला स्टीलच्या कंपनीत उभ्यानं पाळी करतो का न्हाई सोमेश्वर? करतो. मंग.

लोक काय, बोलतात. ती शेजारची चांगुणाबाई — आबा, नात पेरली का मुळ्यासारखी, म्हणली. उगवली की मला बी एक जुडी द्या. तिचा नातू हिच्यापेक्षा बारका, तो माझ्या बाजेखालून पळत गेला. बोलून काय करायचं? पोर जन्मली तवा उशिरा रडली, हे गावाला सांगत बसू का? दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणली, कंबरेत जोर न्हाई, व्यायाम शिकवते, दिवाळीच्या आत आणा, जितकं जल्दी तितकं बरं. पूर्ण बरी होईल का, विचारलं, तर म्हणली, आत्ता सांगता येत न्हाई. आत्ता सांगता येत न्हाई! मंग न्यायचं कशाला? एवढ्या लांब नेऊन हेच ऐकायचं, तर घरचा खड्डा काय वाईट?

शिवकन्येला मी जा म्हणलो न्हाई अन् नको बी म्हणलो न्हाई. ती फक्त विचारते, मामा, किती राह्यला? मी म्हणतो, वीतभर राह्यला. परवा म्हणलो, चार बोटं. त्या दिवशी तिनं शिरा केल्ता. तुमची लेक गुणाची हाय, सासऱ्याचा शब्द खाली पडू देत न्हाई, म्हणून तर तुमच्या जीपमधी बसायला तयार न्हाई — हे बघा, हात काढा. रामकिसनराव, लुगड्याखाली हात घालायचं काम न्हाई तुमचं.

हो. हात कोपरापर्यंत गेला. मंग? पोर वाढली, खड्डा वाढणारच. — अन् माती मी टाकतो. रोज सकाळी, तुमच्या लेकीसमोर टाकतो, बराबर टाकतो. पण खड्ड्याचं बूड वर आलं की पोर कलते. डाव्या अंगाला. सावरायला हात बी पुढं करत न्हाई, तशीच जाते, तोंडात माती. तसं किती वेळा बघायचं माणसानं? मंग शिवकन्या धुणं घेऊन गेली की काढतो माती. टाकली तेवढी काढतो. कधी जास्त निघते. पहिल्या दिवशी कमरेएवढा होता, आता छातीला लागून राह्यला. ताठ बसते हो त्यात. कोणी बी बघावं, ताठ बसते.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. परवा शिमगा झाला. दिवाळीच्या आधी शिवकन्येनं पिशवी भरून ठेवल्ती दवाखान्यासाठी, दारात उभी राहून विचारलं, जाऊ का मामा? मी म्हणलो, बसून तर राह्यली पोर. तिनं पिशवी उलटी केली, कपडे परत दोरीवर टाकले. गाणं म्हणत होती.

आता काय उपयोग हाय का, हे मला विचारू नका. डॉक्टरीण मी न्हाई. उपयोग होईल असं मला वाटत न्हाई. असं बघू नका माझ्याकडं. या अंगणात माझ्याकडं असं कोणी बघितलं न्हाई.

शिवकन्ये — ए शिवकन्ये, पोरीचे कपडे भर. वडलांसंगं दवाखान्यात जा. मी म्हणून राह्यलो म्हणून. न्हाई, उद्या न्हाई, आत्ता. काय झालं ते जीपमधी तुझा बाप सांगंल.

सांगा तिला. सगळं सांगा. आता उठा, काढा पोरीला बाहेर. न्हाई, मी न्हाई काढत. डाव्या अंगाला हात लावा अन् काढा म्हणलं ना. जा.