मंगळवारचा फोन

शेवगावहून सोनईकडे निघालेल्या एसटीत विल्सनकाका खिडकीशी पेंगत होते. पुढच्या सीटवर विमा कंपनीचे एक साहेब आणि त्यांच्या ऑफिसातली मुलगी बोलत होती. तिचा आवाज कानावर पडला, तशी काकांची झोप उडाली.

“पेपरात कंपनीची नाचक्की झाली, ते आता लोक विसरले. तक्रारवाल्यांना दर मंगळवारी फोन करणं बंद करा,” साहेब तिला म्हणाले.

“बाकीचे सगळे शांत झालेत सर. फक्त सोनईचे विल्सनकाका राहिलेत.”

“बायकोच्या पॉलिसीचे ना? त्यांचे पैसे कधीच दिले की आपण.”

“दिले. पण तक्रार मिटली असं सांगा म्हटलं, की म्हणतात, अजून विचार करतोय.”

“म्हणजे हा माणूस पेपरवाल्यांकडे जाणार.”

“तसं नाही वाटत सर. मी तब्येत विचारते, ते भाजी काय केली ते सांगतात. मागच्या मंगळवारी मीठ जास्त पडलं होतं.”

“अशीच माणसं गोड बोलून गाफील ठेवतात. तक्रार मिटेपर्यंत त्यांचा फोन चुकवू नका.”

“आजचा राहिलाय. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली की लावते.”

फाटा आला. विल्सनकाका पिशवी सावरत घाईनं दाराशी गेले.

“बाबा, तुमचं तिकीट सोनईचं हाय. हितं कुठं उतरता?” कंडक्टरनं विचारलं.

“उतरू दे भाऊ,” काका हळूच म्हणाले. “घरचा फोन यायचाय.”