काम झालंय, साहेब!

दुपारचे अडीच. आईची खोली. पडदे ओढलेले, पंखा चालू, एसी चालू आणि एसीतून गरम हवा.

हसू नका! गरम म्हणजे गरम. समोर हात धरला की इस्त्रीच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. आणि त्या एसीच्या खाली, माझ्याच खुर्चीवर, एक मनुष्य बसलाय. कंपनीचा मेकॅनिक. मी त्याचं नाव शिट्टी ठेवलंय, कारण तो स्क्रू काढताना शिट्टी वाजवतो, स्क्रू हरवला तर आणखी गोड वाजवतो... तर हा शिट्टी मोबाइलवर अंगठा फिरवतो, उठतो, पँट झटकतो आणि मला म्हणतो, "काम झालंय, साहेब!"

काय झालंय? कुणाचं झालंय?

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर बातमीदारी केली. भल्याभल्यांना मी "हो की नाही, एवढंच सांगा" असं विचारून घाम फोडलाय. आणि आता मला घाम फुटलाय, तो पुसायला टॉवेल ओला करावा तर न्हाणीघरातून खोलीत येईपर्यंत टॉवेल कोरडा! असली हवा. नळाचं पाणी चहाला घ्यावं इतकं तापलेलं. आणि आई नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली. उन्हाने पडली होती, बाहेर नाही, स्वयंपाकघरात! डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "खोली थंड ठेवा. औषध चुकलं तर मी बघेन, गारवा चुकला तर त्यांच्या या वयात मला काही करता येणार नाही." आता मला सांगा, यात न समजण्यासारखं काय आहे?

पण शिट्टीला काय त्याचं! पहिल्यांदा आला, गच्चीवर गेला, खाली आला. "बाहेरच्या मशीनची जाळी धुळीने गच्च होती, धुतली. काम झालंय, साहेब!" हवा गरम. म्हटलं, अरे बाबा, गरम आहे. "मशीनला जरा वेळ द्या, साहेब." दिला! पुन्हा आला, पुन्हा गच्ची, पुन्हा शिट्टी. "बाहेरच्या पंख्याची मोटर गेली होती, बदलली. आता बघाच!" बघितलं. गरम. आणि आज तिसरी फेरी. "गॅस कमी होता, भरला." बरं, हा जिना उतरायच्या आत माझा फोन टिंग करतो. 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आपल्या समाधानाबद्दल आभार.' माझं समाधान! मला न विचारता!

मग मी कंपनीला फोन लावतो. पलीकडून इतका गार आवाज, की तो फोनच आईच्या उशाशी ठेवावा. "सर, आपली गैरसोय मी समजू शकते. पण आपली तक्रार बंद दिसतेय."

"तक्रार बंद आहे, एसी चालू आहे, आणि हवा गरम आहे!"

"मग नवीन तक्रार नोंदवावी लागेल, सर."

"जुनीला काय झालं?"

"ती सोडवलीय, सर."

आता या बाईशी भांडायचं तरी कसं? भिंतीला धडक मारली तर निदान भिंतीला पोपडा तरी येतो!

तर सांगत काय होतो... हां, अडीच. शिट्टी निघालेला, मी दार अडवून उभा, आई पलंगावर ओला रुमाल कपाळावर घेऊन म्हणतेय, "अरे, जाऊ दे त्याला, तू ओरडलास की खोली आणखी तापते." आणि इतक्यात बेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी. अंगावर काय असेल? शाल! भर दुपारी, या दिवसांत, शाल!

"भाऊजी, आईंना बघायला आले हो. आणि एक गंमत सांगू? आमचा एसी किती दिवस नुसता कुथत होता, पण आमच्या ह्यांना मेकॅनिक बोलवायला सवड मिळेल तर शपथ! आणि आता आपोआप सुधारला बघा! आधी जरा बरा झाला, मग आणखी बरा, आणि आज तासाभरापासून तर हुडहुडी! देवाची कृपा, दुसरं काय!"

शिट्टीची शिट्टी बंद. आईच्या उशाशी बसलेल्या माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं, आणि अगदी सावकाश विचारलं, "वहिनी, देवाला गॅस भरता येतो का हो?"

गच्ची! मी शिट्टीला पुढे घातलं आणि निघालो. चपलेतून चटके. एसीची बाहेरची मशीनं ओळीने मांडलेली. म्हटलं, "आमचं कुठलं?"

"हे काय, जिन्यापासून दुसरं. तुमचा दुसरा मजला ना? सगळीकडे असंच मोजतात."

"आणि नळी? खालून आमची नळी येते, ती धरून बघितलीस?"

"नळी कोण बघत बसतं, साहेब? उन्हात?"

मी बघितली! हाताला रुमाल गुंडाळून, कठड्यापासून ती नळी धरून निघालो. पहिलं मशीन गेलं... आणि त्याच्या पुढे नळी थांबली. तिथे लोखंडी स्टँड. नुसता स्टँड! वर काही नाही! त्याच्या पुढचं मशीन, ज्याला याने आंघोळ घातली, मोटर दिली, गॅस पाजला, ते वहिनींचं!

"अरे, हा रिकामा स्टँड तुला दिसला नाही?"

"दिसला की, साहेब. पण रिकामा स्टँड कसा मोजणार? मोजायचं ते मशीन!"

बोला! काय बोलता?

स्टँडच्या खाली वाकून बघितलं. तिथेही नवा पांढरा रंग. म्हणजे आई दवाखान्यात असताना सोसायटीने गच्ची रंगवली, तेव्हा आमचं मशीन उतरवलं आणि ते परत चढलंच नाही. सेक्रेटरीला गाठलं. "गच्ची सोसायटीची, एसी तुमचा खासगी. आम्ही यात कसे पडणार?" रंगवाल्याला गाठलं. "जेवढी उतरवली तेवढी चढवली, साहेब." कंपनीला फोन लावला. "सर, हरवलेलं मशीन दुरुस्तीत बसत नाही." आणि शिट्टी? तो खाली जाऊन आतलं झाकण पुसून आला. "आतलं मशीन एकदम ओके! काम झालंय, साहेब!"

टिंग.

आईला वहिनींनी त्याच संध्याकाळी वर नेलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर गालांवर रंग आलेला, अंगावर वहिनींची शाल. मी म्हटलं, "आई, काहीतरी करून खोली थंड करतो, मग घरी चल." तर मला म्हणते, "घाई नको रे, इथे छान आहे. पण एक ऐक. तुझा तो शिट्टीवाला सोड आणि यांच्या एसीवाल्याला बोलव. मोठा हुशार माणूस दिसतो!"

आता मी भांडत नाही. दम नाही, आणि हवाही नाही. फक्त एक कोडं राहिलंय. त्या रिकाम्या स्टँडपाशी आमची नळी जिथे संपते, तिथे तिच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली आहे. धुऊन, पुसून, सुतळीने, दुहेरी गाठ मारून. आत धूळ जाऊ नये म्हणून.

ती कोणी बांधली, हे सेक्रेटरीला माहीत नाही, रंगवाल्याला माहीत नाही, शिट्टीला माहीत नाही. पण या सगळ्यात ज्याचं काम खरंच झालंय, तो तोच!

पिशवी अजून तिथेच आहे.