एका हाताच्या बांगड्या

—न्हाई हो ताई, काहीतरीच काय बोलता, जित्ती हाय ती. झोपलीय. पिल्लू म्हनल्यावर झोपनारच की — घडीभर खेळलं की दिवसभर झोप. तुमी त्या खोक्यात पाहू नका, हात सैल सोडा. आसा, अंगठा आत घ्या. बस जाईल म्हनता? जाऊ द्या, दुसरी येती. एका हातात भरून, दुसरा मोकळा ठेवून मी कुन्या बाईला उठवत न्हाई. अपशकुन आसतो. माझ्या सासूनं गादीवर बसवलं त्या दिवशी पहिलं हेच सांगितल्तं — पाऊस येऊ दे, आग लागू दे, हात अर्धवट ठेवायचा न्हाई. आन् तुमी तर लग्नघरी चालल्या. बसा निवांत.

नाव? नाव कशाचं. मांजरीचं काय बारसं घालायचं? दुकानात उंदीर लई झाल्ते, बांगड्यांची खोकी कुरतडून ठेवायचे, म्हनून राहू दिली. तिची माय पत्र्यावर व्याली, बाकीची पिल्लं उचलून नेली आन् हिला इसरली. इसरती, माय बी इसरती कधीकधी. म्हनलं पडून राहील कोपऱ्यात, आपलं काय खाती. माझं तसं बराबर चाललंय, हां. मालक जाऊन लई वर्सं झाली, पोरगी संभाजीनगरला दवाखान्यात नर्स हाय — तृप्ती. रोज फोन करती. रोज म्हंजे रोज.

हिरव्याच घेता ना? ह्या घ्या, ह्यांच्यावर सोनेरी बुट्टी हाय. आवाज पाहा कसा — आन् ह्या आवाजावर तर ती… मी जुडगा नुसता हालवला ना, की कुठंबी आसू द्या, कान टवकारून पळत येनार आन् पंजा मारनार. बाया हसून हसून बेजार. काल हालवला तर नुसतं पाह्यलं. दूध पुढं ठेवलं, तोंड फिरवलं. बोटानं चाटवलं, तर तसंच ओठावरून खाली. नजर लागली आसंल म्हनून मीठ-मोहरी बी ओवाळली. शेजारचा भुजंग म्हनतो, गारठा लागला, उन्हात ठेव, होईल बरी. आता तुमी सांगा, जनावराच्या दवाखान्यात लोक म्हशी आनतात, बैल आनतात, आन् तिथं मी बांगडीवाली दुर्गाबाई पदराखाली हे एवढंसं पिल्लू घेऊन उभी राहू? निम्मं भोकरदन वळखतं मला. हसतील का न्हाई? हसतीलच.

दुखलं का? हात कडक करू नका, मंग दुखतं.

तृप्तीला इचारलं मी. काल मीच लावला फोन — म्हंजे मीच लावते, तिला टाईम कुठं आसतोय. म्हनलं, तुला औषधातलं कळतं, सांग काही. तर म्हनली, आई, मी ड्युटीवर हाय, मांजरीसाठी कामून फोन करती? बरोबर हाय तिचं. पन मंग काय सांगून फोन करायचा, ते बी तिनंच सांगावं. ठेवता ठेवता एवढं बोलली — हिरड्या पाह्य तिच्या, पांढऱ्या पडल्या आसल्या तर थांबू नको. पाह्यल्या का म्हनता? न्हाई पाह्यल्या. पाह्यल्याच न्हाईत तर पांढऱ्या बी नसतात ना, ताई. पाह्यलं म्हंजे मंग कळलंच. दिवसभर मी बायांचे हात धरून बसते, पन माझा हात कोन धरतं? संध्याकाळी शटर ओढलं की ही माझं बोट पंजात धरून झोपती. एवढंच. एवढंच हाय माझ्याकडं. ती नसली तर घर खायला उठतं हो मला.

आगं माय — वाढली. फुटली म्हनू नका, वाढली म्हना. तुमाला लागलं न्हाई ना? माझंच चुकलं, ध्यान सारखं त्या खोक्याकडं जातंय. थांबा, काच उचलते, हालू नका. आन् तुमी कुठं हात घालता खोक्यात? नका ना तिला उठवू — काय म्हनता? कान थंड? थंड कसे आसतील, उन्हात ठेवलंय खोकं.

सरका.

चिमे. ए चिमे. हे पाह्य, बांगड्या. ऐकू येतंय ना, राजा? ए माझी बाय, कान तरी हालव. मान बी धरंना झाली ही. दाव, तोंड दाव… ओठ जरा वर घे… ताई, तुमी पाहा. न्हाई, तुमी पाहा, मला पाहवत न्हाई. पांढऱ्या ना? बिलकुल पांढऱ्या? बरं. बरं.

उठा. उठा ताई, जल्दी. दुपारी दवाखाना बंद करतात ते. तो टॉवेल द्या हिकडं, तिला गुंडाळू द्या. कोन हसतंय ते हसू दे. हौ, कळतंय मला, एक हात राह्यला. राहू द्या! पदराखाली झाका आन् जा लग्नाला. कुनी इचारलं तर सांगा, दुर्गाबाईनं मधूनच उठवलं. आन् ते शटर धरा जरा, माझे दोन्ही हात गुतलेत — ओढा खाली. ओढा म्हनते ना.