काळी रंगवलेली पात्रं

कादंबरीतली माणसं खोटी वाटतात म्हणता ना? मग आमच्या कदम सरांचं ऐका.

बारामतीत एका कादंबरीवर चर्चा होती. तिच्यात गावकरी एका मरणाऱ्या माणसाच्या पायातल्या वहाणा काढून नेतात. सर तावातावानं उठले. "माणूस इतका रानटी नसतो हो! लेखकानं पात्रं उगाच काळी रंगवलीत." टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मी त्यांना गाडीनं कळंबला सोडायला निघालो. वाटेत उसाची ट्रॉली उलटली होती. लोक ढिगातले ऊस ओढून मोटरसायकलींना बांधत होते.

"ड्रायव्हर कुठंय?" मी काच खाली करून विचारलं.

"पळाला असंल," एकजण म्हणाला. "अपघात झाला की पळत्यातच की."

"नातवंडांना दोन नेतो," म्हणत सर उतरले. दोनाचे चार झाले. पुढच्या उसाला त्यांनी हिसका दिला, तेवढ्यात ढिगाखालून आवाज आला.

"थांबू नका राव. ओढा तसंच. लई उपकार झालं तुमचं."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थिजले. मग मात्र पाचटानं हात कापेपर्यंत सगळ्यांनी ऊस उपसला. ड्रायव्हर बाहेर निघाला, तो सरांचा हात धरूनच. "देवमाणसं हाय तुमी," म्हणाला.

माझ्याच गाडीत घातला त्याला. दवाखाना यायच्या आत गेला.

आपल्याला सोडवायलाच माणसं पहिल्यापासून ऊस ओढत होती, असं समजून गेला.