पिठाच्या डब्यातली किल्ली

आजी : आधी चहा पी. किल्ली कुठं पळून जात नाही.

ड्रायव्हर : पळालीच आहे, आजी. तोंड धुवायला आगीच्या बंबातून खाली उतरलो, तेवढ्यात गायब. तुमच्याशिवाय इथं दुसरं आहे कोण?

आजी : मांजर आहे.

ड्रायव्हर : मांजर बंबाची किल्ली नेऊन काय करणार?

आजी : तिलाच विचार. कालपासून बंब अंगणात उभा आहे म्हणून बिचारी निर्धास्त झोपली. मीही झोपले. आणि आज म्हणे, आम्ही निघालो. आग टेकडीमागं आहे, धूर दिसतोय ना तुला?

ड्रायव्हर : दिसतोय हो. पण वारा फिरलाय. वरच्या वस्तीकडे जायचा हुकूम आहे.

आजी : म्हणजे वरच्यांची ती घरं, आणि आमची काय खुराडी?

ड्रायव्हर : तसं नाही, आजी. आगी तीन आणि बंब दोन. एक धरणाकडच्या गावात अडकलाय. राहिलो मी.

आजी : कुठं जायचं ते ठरवतं कोण?

ड्रायव्हर : कंट्रोल रूममधल्या मॅडम.

आजी : लाव तिला.

ड्रायव्हर : वायरलेसवर असं कुणालाही बोलता येत नाही.

आजी : मग किल्लीही अशी कुणालाही सापडत नाही.

ड्रायव्हर : काय म्हणावं तुम्हाला... मॅडम, सात नंबर बोलतोय. अजून निघालो नाही. इथल्या आजींनी किल्ली... म्हणजे, त्यांना तुमच्याशी बोलायचंय.

मॅडम : द्या त्यांना.

आजी : ऐकू येतंय का गं, बाई?

मॅडम : येतंय, आजी. बोला.

आजी : घराचं काही नाही, मुलगा पुन्हा बांधेल. पण मागं लिंबोणीची बाग आहे. ह्यांनी लावलेली. ह्यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय. बंब नेऊ नकोस, एवढंच मागते.

मॅडम : आजी, वरच्या वस्तीत आजारी माणसांचा आश्रम आहे. अंथरुणातून उठता न येणारी माणसं. तुम्हाला न्यायला जीप निघाली आहे, तुम्ही चालत येऊन बसाल. त्यांना एकेकाला उचलून न्यायचंय. तोवर आग थोपवायला पाणी हवं.

आजी : माझ्या झाडांना तरी पाय आहेत का?

मॅडम : नाहीत.

आजी : मग?

मॅडम : बाग वाचेल असं मी म्हणणार नाही. जळेल कदाचित. आणि बंब मी हलवला म्हणून जळेल. रागवायचं तर माझ्यावर रागवा. ड्रायव्हरदादांना जाऊ द्या.

आजी : खोटं तरी बोलायचं होतंस गं. सकाळी एक साहेब येऊन गेला, म्हणाला, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. तुझ्यावर बसला, हीच पंचाईत झाली.

ड्रायव्हर : आजी, उशीर होतोय.

आजी : कळतंय मला. कुठल्या रस्त्यानं जाणार?

ड्रायव्हर : डांबरीनं. टेकडीला वळसा घालून.

आजी : म्हणजे तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. माझ्या बागेतून जा. जुनी गाडीवाट आहे, सरळ वर निघते. कुंपण तोड.

मॅडम : माझ्या नकाशात तिथं वाट नाही, आजी.

आजी : असेल कशी? डांबरी रस्ता झाला, वाट ओस पडली. मग ह्यांनी तिच्यावरच झाडं लावली. खाली जमीन टणक आहे, चाक रुतायचं नाही.

ड्रायव्हर : पण आजी, बंब रुंद आहे. मधली सगळी ओळ जाईल.

आजी : माहीत आहे रे. कालपासून बघतेय तुझा बंब.

ड्रायव्हर : आजी...

आजी : असा बघत काय उभा राहिलास? तिथं कुणाचा तरी नवरा पडून असेल. माझा पडून होता तेव्हा कूस बदलायलाही मी लागायचे. उठता येत नाही म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. किल्ली पिठाच्या डब्यात आहे. खोल हात घाल.

ड्रायव्हर : सापडली. हा वायरलेस तुमच्याजवळ ठेवा जीप येईपर्यंत, गाडीत दुसरा आहे. येतो, आजी.

आजी : ये. कोपऱ्यातलं शेवटचं झाड जमलं तर वाचव. ते ह्यांनी आजारपणात लावलं होतं, मी धरून उभं केलं तेव्हा. नाही जमलं तर राहू दे. थांबू नकोस.

(बंब सुरू होतो. कुंपण मोडल्याचा आवाज.)

मॅडम : आजी? आहात ना?

आजी : आहे. गेला तो. फांद्या मोडतायत, ऐकू येतं का तुला?

मॅडम : येतं.

आजी : इथं सगळीकडे लिंबाच्या पानांचा वास सुटलाय. धुरातसुद्धा येतोय... तू रडतेस की काय?

मॅडम : नाही.

आजी : रडू नकोस. मला आवडलं नाही, पण तू केलंस ते बरोबर केलंस.

मॅडम : जीप फाटकाशी पोचली, आजी. निघा आता.

आजी : निघते. मांजराला पिशवीत घातलंय. तू जेवलीस का?

मॅडम : नाही अजून.

आजी : मग दोन घास खाऊन घे. पुढच्या घरालाही तुलाच सांगायचंय.