धवळ्याएवढी जागा

माझा जन्म मुरबाड तालुक्यातला, डोंगराच्या अंगाला आमची वाडी, भातशेती, आणि आई धवळारीण. म्हणजे लग्नात मांडवाखाली बसून धवळे म्हणणारी, चौक भरला की एक धवळा, हळद लागली की दुसरा, ती एक ओळ बोलणार आणि बाकीच्या बाया तीच ओळ मागं धरणार, असं. आजूबाजूच्या वाड्यांतली लग्नं तिच्याशिवाय लागायची नाय. मी मात्र शूटिंगवाली झाले. मुरबाडला एका स्टुडिओत एडिटिंग शिकले, मग स्वतःचा कॅमेरा घेतला. लोक बोलायचे, बाई माणूस कॅमेरा घेऊन नाचतंय, बोलू दे म्हटलं, त्यांच्याच पोरींची लग्नं मी काढली.

तुमी विचाराल, मग आईचे धवळे तुझ्याकडे असतीलच की. नाय ना. आमच्या धंद्यात मूळचा आवाज कोण ठेवतो, एकतर डीजेचा दणका, आणि गिऱ्हाईकाला वरून सिनेमाचं गाणं टाकलेलं लागतं. आई दिसते सगळ्यांत. ऐकू एकातही येत नाय.

आषाढात तिच्या घशात गाठ निघाली. कल्याणचे डॉक्टर बोलले ऑपरेशन गणपतीनंतर करू, आवाज राहील का जाईल सांगता येत नाय. मी घरी येऊन कॅमेराच लावला, म्हटलं आई बस, सगळे धवळे म्हण. तर आई बोलली, लग्न कुठाय? तिचा नेम, लग्नाशिवाय धवळा तोंडातून काढायचा नाय. आणि आषाढीनंतर लग्नं बंद, तुळशीचं लग्न लागेपर्यंत. काय सांगू तुमाला, मी पाया पडले, भांडले, दोन दिवस जेवले नाय. ती आपली खुशाल भाकऱ्या थापतेय.

शेवटी तीच बोलली, गायची नाय, बाकी सगळं करते, तेवढं घे. मग अंगणात नुसता पाट मांडला. तिनं तांदळाच्या पिठानं चौक भरला आणि गप बसली. तोंड मिटलेलं. मला वाटलं झालं, मी कॅमेरा बंद करायला गेले. तशी कडाडली, अजून संपला नाय, थांब! तेव्हा बघितलं, तिचं बोट मांडीवर चाललेलं. आतल्या आत म्हणत होती, पुरा धवळा. तो संपला तसा हात हळदीच्या वाटीकडे गेला. परत गप. वर मला बजावलं, ह्या जागा कापायच्या नाय आणि त्यांत दुसरं गाणं घालायचं नाय. आमी लग्नवाले, पापणी लवेपर्यंत शॉट बदलणारे. इथं कापायची बंदी, गाणं घालायची बंदी, मग करायचं काय? कॅमेरा स्टँडला लावला आणि थांबले. थांबल्यावर दिसायला लागलं, तिचा श्वास कुठं वर जातो, कुठं अडकतो, मान कुठं हलते. इतकी वर्षं मी तिला अशी बघितलीच नव्हती.

ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती फुसफुस राहिली.

ती फिल्म माझ्या एका मैत्रिणीनं कल्याणला लघुपटांच्या कार्यक्रमात दिली. एक बाई उठून बोलली, ही शांतता वापरायचा प्रयोग तुम्हाला कसा सुचला? म्हटलं प्रयोग कसला, आई गात नव्हती. हॉल हसला, टाळ्या पडल्या. मी बाहेर जिन्यात बसून रडले. लोकांना आवडलं ते आवडलं, मला तिचा आवाज पायजे होता.

मग तुळशीचं लग्न आलं. बाया जमलेल्या, आईच्या मागं धरणारी माझी काकी बोलली, कल्याणला दाखवलीस, आमाला नाय दाखवत? पडवीत टीव्ही लावला. टीव्हीत आईनं चौक भरला, गप बसली. आणि काकीनं धवळा उचलला. जन्मभर मागं धरलेला, पाठच होता की तिला, आणि आज लग्न होतं, तुळशीचं का होईना. बाकीच्यांनी मागं धरलं. पण धवळा लवकर संपला, टीव्हीतल्या आईचं बोट अजून मांडीवर चालूच. खरी आई माजघरातून आली, काकीजवळ बसली, आणि पुढल्या धवळ्याला तिचा गुडघा दाबून धरला, म्हणजे सावकाश गो. तो बरोबर बसला. टीव्हीतलं बोट थांबायला आणि शेवटची ओळ सरायला एकच गाठ. मी कॅमेरा लावला नव्हता. सुचलंच नाय.

आता लग्नात काकी बसते, आई तिच्या समोर, चुकलं की गुडघा दाबते. काकीला अजून चाल पुरती यायची हाय. परवा टोकावड्याकडच्या एका लग्नात मी शूटिंग करत होते तर आईनं हातानं बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला, तर ती बोलली, ते ठेव बाजूला, बस मागं धरायला. बसले. माझा आवाज काय धड नाय, पण तिनं उठवलं नाय.